रिझर्व्हला लागली

आमच्या घरात ‘रिझर्व्ह’ हा शब्द आला तो बाबांच्या स्कूटरबरोबर. स्कूटर म्हणजे प्रिया. नवीन वाचकांसाठी सांगतो, ही बजाजच्याच घराण्यातली, पण बनायची आमच्या साताऱ्यात, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात. त्यामुळे सातारकर तिच्याबद्दल घरच्या म्हशीबद्दल बोलावं तसं बोलायचे. सीटच्या खाली पेट्रोलचा एक कॉक असायचा. बंद, चालू आणि रिझर्व्ह. पोवई नाक्याच्या चढावर गाडी फुरफुरायला लागली की बाबा खाली न बघता हात घालून कॉक फिरवायचे आणि म्हणायचे, “रिझर्व्हला लागली.” मग दोन दिवस निवांत. रिझर्व्हही संपलं की स्कूटर एका बाजूला पार आडवी करायची, टाकीच्या कोपऱ्यातलं उरलंसुरलं पेट्रोल नळीत उतरवायचं आणि पंप गाठायचा. हे सगळं मी चौथी-पाचवीतच शिकलो होतो. पेट्रोल ‘संपलं’ असं आमच्याकडे कधी झालंच नाही!

तर हा शब्द मध्यंतरी ताईच्या घरी, सांगलीला, भलत्याच प्रसंगाने निघाला.

माझा भाचा वैमानिक आहे. लहानपणी त्याला त्याच्या आजोबांनी, म्हणजे प्रियावाल्या बाबांनीच, कराडच्या धावपट्टीच्या कुंपणाशी नेऊन उभं केलं होतं. (ही धावपट्टी पन्नासच्या दशकात कोयना प्रकल्पासाठी झाली. आपल्याकडे विमानं प्रवाशांसाठी नाही, धरणासाठी आली, हे मला फार आवडतं.) ते खूळ काही डोक्यातून गेलं नाही. बारावी, मग फ्लाइंग स्कूल, मग कर्ज. वैमानिक होण्याचा खर्च ज्यांनी घरात पाहिला आहे त्यांना आकडा सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून खरा वाटणार नाही. शिकाऊ विमानं जे निळसर पेट्रोल पितात ते २०२२ पर्यंत आपल्याकडे बाहेरून यायचं. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते इथे बनवायला घेतलं. पोरगं हवेत एक तास काढतं तेव्हा खाली बापाच्या खात्यातून नक्की काय जळत असतं हे दाजींना तोंडपाठ आहे.

परवाना मिळाल्यावर दीड वर्ष नोकरी नाही. मग मिळाली ती हिंदी महासागरातल्या एका बेटांच्या देशात. एकोणीस सीटांचं, दोन इंजिनांचं, पंख्याचं छोटं विमान, त्यावर को-पायलट. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर. पाहुणे, बॅगा, मासे, कधी आजारी माणूस.

ताईने नकाशा पाहिला. सगळा निळा. तिने एकच प्रश्न विचारला, “आणि मध्येच पेट्रोल संपलं तर?”

दाजी पेपरातून वर न बघता म्हणाले, “रिझर्व्ह असतंच की गं.”

तेव्हा भाचा म्हणाला, “पप्पा, ते रिझर्व्ह वापरायचं नसतं.”

दाजींनी पेपर खाली ठेवला. वापरायचं नाही तर कशाला बाळगायचं? प्रश्न रास्त होता. आणि घरातला ‘कॉम्प्युटरवाला मामा’ म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा काहीच सांगता आलं नाही. पण नंतर भाच्याकडून, त्याच्या पुस्तकांतून आणि रात्री उशिरापर्यंत नेटवर जे वाचलं ते आज लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे विमानात इंधन किलोमीटरवर मोजून भागत नाही, ते वेळेवर मोजतात. आपण म्हणतो गाडी लिटरला पन्नास देते. विमानाला हे म्हणून उपयोग नाही, कारण ज्या हवेतून ते जातं ती हवाच चालत असते. समोरून वारा असेल तर तेवढंच इंधन जाळून कमी अंतर कापलं जातं. इंजिन मात्र वेळ ओळखतं. भाच्याचं विमान तासाला तीनशे किलोच्या आतबाहेर खातं. (किलो बरं का, लिटर नाही. आणि पेट्रोलही नाही. “आई, रॉकेलच समज,” असं त्याने ताईला सांगितलं, त्यामुळे ती अजूनच घाबरली.)

मग निघताना हिशेब असा मांडतात. धावपट्टीपर्यंत जायला लागेल ते. मुक्कामापर्यंतचं. वारा-बिरा अंदाजापेक्षा वाईट निघाला तर म्हणून थोडं वर. मुक्कामी उतरता आलं नाही तर तिथून दुसऱ्या ठरवलेल्या विमानतळापर्यंतचं. आणि सगळ्यात तळाशी ते रिझर्व्ह. पिस्टन इंजिनाला ४५ मिनिटांचं, टर्बाइनला ३० मिनिटांचं. जवळ दुसरं बेटच नसेल तर टर्बाइन विमानाने त्या बेटाच्या डोक्यावर पोचताना दोन तासांचं इंधन हातात ठेवायचं, असाही आंतरराष्ट्रीय नियम आहे.

आता यातलं तळाचं रिझर्व्ह म्हणजे काय, ते दाजींना पटवायला मला आठवडा लागला. चाकं जमिनीला टेकतील तेव्हा ते टाकीत असलंच पाहिजे. ‘उतरताना तेवढं उरणार नाही’ असं गणित दिसलं, त्या क्षणी वैमानिकाने तीनदा मेडे आणि पुढे ‘फ्युएल’ म्हणायचं. म्हणजे थेट आणीबाणी. इंजिनं ठणठणीत चालू आहेत, काटा शून्यावर नाही, आणि तरी आणीबाणी! बाबांच्या प्रियाच्या हिशेबाने बघितलं तर कॉक रिझर्व्हला लावायची वेळ येणार, एवढं दिसल्याबरोबर पोलिसांना फोन करण्यासारखं. हे शब्द कधी वापरायचे ते २०१२ मध्ये जगभरासाठी नीट बांधून दिलं गेलं. त्याआधी वैमानिक आपापल्या भाषेत “जरा कमी आहे हो” असं सांगायचे. ऐकणारा आपापल्या मनाप्रमाणे समजायचा.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली, कारण तिच्यात बीजगणित आहे, आणि योगायोगाने आमचे दोन जिल्हेही आहेत.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचं पुस मॉथ विमान आणि पंचवीसेक किलो टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला उतरले. तिथे बर्मा शेल कंपनीने त्यांच्यासाठी पेट्रोल आणून ठेवलं होतं ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत. चार गॅलन म्हणजे अठरा लिटर, रॉकेलचा जुना पत्र्याचा डबा असायचा तेवढा. डबे ओतून झाल्यावर ते जुहूला आले आणि तिथून पुढचं टपाल नेव्हिल विंटसेंट या वैमानिकाने बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. रेडिओ नाही, दिवे नाहीत. जुहूची धावपट्टी म्हणजे भरतीला लागून असलेली चिखलाची जागा. पावसाळ्यात ती पाण्यात गेली की सगळं बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावर. ‘एअर इंडिया’ची सुरुवात ती हीच.

मी नकाशावर जुहू ते बेल्लारी पट्टी ठेवून रेघ मारली. विंटसेंट नेमका याच रेघेवरून गेला असा माझा दावा नाही, पण रेघ मजेशीर निघाली. वाईच्या जवळून, कोरेगावच्या थोडी पूर्वेला, मग विट्याच्या बाजूने आणि पुढे कवठे महांकाळ आणि जत यांच्या मधून. म्हणजे सातारा आणि सांगली जिल्हे तिरके कापत! अंतर सहाशे किलोमीटरच्या थोडं वर. हिशेबाला सहाशे धरू.

आता एक काल्पनिक विमान घ्या. वेग ताशी १७०. रिझर्व्ह बाजूला काढल्यावर हातात चार तास. वारा नसेल तर बेल्लारी ३ तास ३२ मिनिटांत, काही प्रश्न नाही. आता समोरून ताशी ४० चा वारा लावा. वेग राहिला १३०. बेल्लारीला लागणार ४ तास ३७ मिनिटं. हातात आहेत चार. म्हणजे पोचणार नाही. इथवर कोणालाही कळेल. खरा प्रश्न पुढे आहे: हे हवेत असताना कळलं, तर परत जुहूला यायला कुठपर्यंत मुभा आहे?

सूत्र सोपं आहे. हातातला वेळ गुणिले परतीचा वेग, भागिले जाण्याचा आणि परतीचा वेग यांची बेरीज. परतताना तोच वारा पाठीशी, म्हणून २१०. चार गुणिले २१० भागिले ३४०. उत्तर २ तास २८ मिनिटं. तेवढ्या वेळात विमान ३२१ किलोमीटर गेलेलं असेल, म्हणजे आपल्या रेघेवर कवठे महांकाळच्या पलीकडे, जतच्या अलीकडे. तिथून वळलं तर दीड तासात जुहू. तिथून पाच मिनिटं पुढे गेलं तर जुहूही नाही आणि बेल्लारीही नाही. या जागेला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘इथून परत फिरणे नाही’ असा होतो. मला ‘फिरण्याची शेवटची संधी’ असं म्हणावंसं वाटतं.

आणि वारा आहे हे कळणार कसं? घड्याळ बघून. साताऱ्याच्या आसपास २०० किलोमीटर होतात. वारा नसेल तर तिथे १ तास १० मिनिटांनी पोचायला हवं. अजिंक्यतारा उजव्या हाताला दिसला आणि घड्याळात १ तास ३२ मिनिटं झालेली असली तर बावीस मिनिटं वाऱ्याने खाल्ली. म्हणजे साताऱ्यावरच कळलं की बेल्लारी होत नाही. पुढे विसाच्या दशकात टाकलेली मिरज-पंढरपूर छोट्या रुळांची लाइन आडवी आली की मुभा संपली. खाली आपल्या बाजूला माळरान आहे, अगदीच वेळ आली तर एखाद्या शेतात उतरता येईल. पाण्यावर अजिंक्यतारा नसतो आणि मिरज-पंढरपूरही नसते, एवढाच फरक. २ जुलै १९३७ ला अमेलिया इअरहार्ट आणि फ्रेड नूनन न्यू गिनीतल्या लेहून हाउलंड नावाच्या बेटाकडे निघाले. चार हजार किलोमीटरहून जास्त समुद्र आणि टोकाला जेमतेम अडीच किलोमीटर लांबीचं बेट. इंधन कमी आहे असं त्यांनी रेडिओवर सांगितलं होतं. ते बेट त्यांना सापडलं नाही आणि ते दोघे आजवर कोणाला सापडलेले नाहीत.

(इथे एक आडवळण घेतो, आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी. मापांच्या गोंधळात मंगळावरचं यान गेलं ती गोष्ट प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. त्याआधीची, जुलै १९८३ ची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. कॅनडात नुकतंच पौंडावरून किलोवर जाणं चालू होतं. एका नव्याकोऱ्या बोइंग ७६७ चे इंधनाचे काटे बंद होते, म्हणून लिटरचं वजनात रूपांतर हाताने केलं. गुणक घेतला १.७७, तो पौंडांचा. हवा होता ०.८ च्या आसपास, किलोचा. निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघालं आणि ४१,००० फुटांवर कोरडं पडलं. वैमानिक ग्लायडर उडवणारा होता म्हणून गिम्ली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे वाचले. आकडा बरोबर, कागद बरोबर, सह्या बरोबर!)

असो. मुख्य गोष्ट सांगायची राहिली आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री भाच्याचा फोन आला. आईला नाही, मला. “मामा, आज परत फिरलो.”

सत्तर मिनिटांचा प्रवास होता. निघताना दोन तासांचं इंधन घेतलं होतं. सत्तर मिनिटं प्रवासाची, पंधरा मिनिटं पुढच्या दुसऱ्या बेटापर्यंत, तीस रिझर्व्ह, वरची चार-पाच वाऱ्याला. अजून घेता आलं असतं, पण मग बॅगा खाली राहिल्या असत्या. छोट्या विमानात इंधन आणि माणसं एकाच तराजूत असतात. अर्ध्या तासाचं इंधन म्हणजे दीडशे किलो, म्हणजे बॅगांसकट दीड प्रवासी. हे कंपनीच्या ऑफिसातल्या माणसालाही पाठ असतं.

बेचाळीस मिनिटं झाल्यावर रेडिओवर कळलं की मुक्कामाच्या बेटावर पावसाची जोरदार सर आहे, धावपट्टी दिसत नाही. पर्यायी बेटावरही तीच सर. “वीस मिनिटांत उघडेल असं वाटतंय,” हेही कळलं. टाकीत ७८ मिनिटं होती. परत जायला ४२ आणि रिझर्व्ह ३०, म्हणजे ७२. हातात सहा मिनिटं. पुढे जायचं तर २८ मिनिटं, रिझर्व्ह ३०, आणि वीस मिनिटं घिरट्या घालून पाऊस थांबायची वाट बघायची. थांबला नाही तर जायला जागाच नाही.

कॅप्टनने त्याला विचारलं, “तुझं काय म्हणणं?” (हे विचारायचा रिवाज आहे, आणि चांगला रिवाज आहे. आमच्या ऑफिसात ज्युनियरला शेवटी विचारतात, तेही मिनिट्स लिहिताना.) भाच्याने दोनदा बेरीज केली आणि म्हणाला, “फिरूया.” कॅप्टनने मान हलवली आणि विमान वळवलं. अकरा प्रवासी. त्यातल्या एका बाईंच्या घरी दुसऱ्या दिवशी लग्न होतं, त्या उतरल्यावर भाच्याशी बोलल्याही नाहीत.

आणि ते वळल्यानंतर पंधरा मिनिटांत तिथला पाऊस थांबला. लख्ख ऊन! पुढे गेले असते तर सरळ उतरले असते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लेखी खुलासा मागितला. सीट रिकाम्या गेल्या, हॉटेलांचा खर्च, पाहुण्यांच्या तक्रारी. भाचा मला विचारत होता, “मामा, आम्ही चुकलो का?”

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रत्येक प्रोजेक्टच्या प्लॅनमध्ये बफर असतो आणि तो खायचा असतो असं सगळ्यांनी धरलेलंच असतं. पहिल्या महिन्यात मॅनेजर खातो, दुसऱ्यात क्लायंट, उरलेला आपण. प्रियाचाच कॉक. लिनक्समध्ये मात्र एक जुनी सोय आहे. एक्स्ट कुटुंबातल्या फाइल सिस्टीम डिस्कची ५ टक्के जागा मुळातच रूटसाठी राखून ठेवतात. डिस्क भरली असं सगळ्यांना सांगतात, जागा असूनही. का? तर डिस्क भरल्यावर ती साफ करायला जो येईल त्याला हात हलवायला जागा हवी. नवशिका माणूस हे बघतो, ‘वाया जातंय’ म्हणतो आणि ती जागा मोकळी करून टाकतो. मी अशी माणसं पाहिली आहेत. त्यांच्या मशीन वर्षानुवर्षं नीट चालतात आणि ते बरोबरच होते असं सगळ्यांना वाटतं. एखाद्या रात्रीपर्यंत.

भाच्याच्या बाबतीत उलटं झालं. त्याने राखलं, आणि राखायची गरज नव्हती असा पुरावा पंधरा मिनिटांत हजर. मी त्याला म्हणालो, वळताना तुला पाऊस थांबणार हे माहीत होतं का? नाही ना. मग जे माहीत होतं त्यावर बेरीज बरोबर होती का, तेवढं सांग. तो म्हणाला, दोनदा केली. मग झालं तर.

हे फोनवर सांगणं सोपं होतं. ताईला कळल्यावर तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कंपनी काढेल का रे त्याला?” तिचं बरोबर होतं. कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, त्याला वाऱ्याचं काही देणंघेणं नाही. दाजी एकदम म्हणाले, “काढली तर काढली. परत तर आला.” आणि उठून बाहेर गेले. त्यांना असं बोलताना मी पूर्वी ऐकलेलं नाही.

कॅप्टनने खुलासा लिहिला तो चार ओळींचा. वेळ, टाकीतली मिनिटं, दोन्ही बेटांचं हवामान, निर्णय. माफी नाही, वर्णन नाही. भाच्याने त्याची प्रत मला दाखवली. इतकं स्वच्छ इन्सिडंट रिपोर्ट मी आमच्याकडे एकही पाहिलेलं नाही. ऑफिसातून त्यावर पुढे काही आलं नाही. ना शाबासकी, ना ठपका. कागद फाइलला लागला. तो अजून तिथेच नोकरी करतो, त्याच कॅप्टनबरोबर अधूनमधून ड्यूटी लागते आणि त्या दिवसाबद्दल ते दोघे बोलत नाहीत.

सकाळी उजाडायच्या आधी त्याचं पहिलं काम असतं टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरणं. पाणी तळाशी बसतं, थेंब वेगळा दिसतो. बेटांवर दमट हवा, इंधन येतं तेही बोटीतून, म्हणून हे चुकवायचं नाही. त्याचा फोटो तो कधीतरी ताईला पाठवतो. ती तो शेजारच्या काकूंना दाखवते.

आणि ताईचे प्रश्न बदलले आहेत. पूर्वी फोन लागला की ‘जेवलास का’ विचारायची. हल्ली विचारते, “आज किती घेऊन उतरलास?” तो मिनिटांत सांगतो. बावन्न. एकसष्ट. एकदा अडतीस म्हणाला तर तिने पुढे दहा प्रश्न विचारले. दाजी मात्र अजून बाजूला बसून विचारतात, “म्हणजे लिटर किती?”